तिच्या जन्मदात्या आईचा आजार आणि आमचं घर

कुडाळकडच्या एका जोडप्याचा परवा फोन आला. दत्तकासाठी नाव नोंदवून बरीच वर्षं गेली, आता कुठे एक बाळ सुचवलं गेलंय, आणि अहवालात लिहिलंय की बाळाच्या आईला गंभीर मानसिक आजार आहे. एका ओळखीच्या समाजसेविकेने त्यांना आमचा नंबर दिला होता. "ताई, तुम्ही हो म्हणालात ना? कशाच्या जोरावर म्हणालात?" त्या बाईंनी थेटच विचारलं. फोनवर सुचलं तेवढं बोलले. पण असा प्रश्न याआधीही एकदोघींनी विचारलाय, आणि दर वेळी महत्त्वाचं काहीतरी सांगायचं राहून जातं. म्हणून सगळं एकदा लिहून ठेवते.

आमची मुलगी आता दहा वर्षांची आहे. लिहिण्याआधी तिला विचारलं. दोन गोष्टी लिहू नकोस असं ती म्हणाली, त्या इथे नाहीत. तिचं नाव, वाडी, शाळा यांतलंही काही नाही. तिच्या जन्मदात्या आईची जी थोडीफार हकिगत आम्हाला ठाऊक आहे ती त्या बाईंची आहे, माझी नाही, त्यामुळे तीही लिहीत नाही. आम्ही देवगड तालुक्यात राहतो, मी पतसंस्थेत नोकरी करते आणि नवरा हापूसची कलमं बघतो, एवढं पुरे.

2015 पासून दत्तकाची प्रक्रिया कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, यांच्या संकेतस्थळावरून चालते. आम्ही त्याच वर्षी नाव नोंदवलं. समाजसेविका घरी येऊन गेल्या, अहवाल झाला, मग वाट बघणं. 2017 च्या ऐन आंब्याच्या हंगामात निरोप आला. संकेतस्थळावर बाळाचा फोटो, बाळाच्या पार्श्वभूमीचा अहवाल आणि वैद्यकीय अहवाल असे तिन्ही कागद दिसतात, आणि बाळ राखून ठेवायचं की नाही हे 48 तासांत कळवायचं असतं. फोटो बघताच माझं मन ठरलं होतं. दीड वर्षाची मुलगी, केस नुकतेच कापलेले, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या कुणाकडे तरी बघतेय. पार्श्वभूमीच्या रकान्यात इंग्रजीत एक ओळ होती: आईला स्किझोफ्रेनिया, उपचार चालू. वडिलांची माहिती नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे नसलेले आवाज ऐकू येणं, लोकांवर भलताच संशय येणं असा मेंदूचा आजार.

नवऱ्याने ती ओळ वाचली, परत वाचली आणि पेट्या भरायला निघून गेला. त्या दिवशी ट्रक जायचा होता. रात्री जेवताना त्याने आईला सांगितलं. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या. कारा, अहवाल यातलं त्यांना काही माहीत नव्हतं. त्या हात धुवून आल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात काय सगळी शाणीच जल्माक इली? बाबून पडयेत बसान जल्म काढल्यान, तेचो कागद कोणी वाचल्यान?"

बाबूकाका म्हणजे माझे चुलतसासरे. गावातली बरीच तरुण पोरं जायची तसे तेही सत्तरच्या दशकात मुंबईला गिरणीत लागले. विशी उलटल्यावर काही वर्षांत कुणीतरी त्यांना घरी आणून सोडलं. रात्र रात्र झोपत नाहीत, खात्यातले लोक आपल्याबद्दल बोलतात म्हणतात, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवतात. घरच्यांनी देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल घेतला. भगत झाला, कोंबडे झाले, कुणाची तरी करणी म्हणून शेजारच्या घराशी वर्षानुवर्षं बोलणं बंद राहिलं. रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासून आहे, एसटीने एका दिवसात पोचता आलं असतं. पण तिथे नेणं म्हणजे घराला बट्टा, म्हणून नेलंच नाही. पुढची जवळपास पंचवीस वर्षं काका पडवीत होते. सुंभ वळायचे. इतका एकसारखा सुंभ मी पुढे कुणाच्या हातचा पाहिला नाही. संध्याकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून हळू आवाजात कुणाशी तरी बोलायचे. त्यांना वाढायच्या त्या फक्त सासूबाई, कारण दुसऱ्या कुणाच्या हातचं ते खात नसत.

माझं लग्न ठरताना पत्रिका जुळवली, गोत्र बघितलं, मुलाचं शिक्षण आणि कलमं किती ते विचारलं. काकांबद्दल आमच्या बाजूने कुणी विचारलं नाही आणि त्यांच्या बाजूने कुणी सांगितलं नाही. मला पोटचं मूल झालं असतं तर त्याच्या रक्तात काकांच्या घराण्याचं जे काही आहे ते आलं असतं, आणि एकाही माणसाने मला अहवाल दाखवून 48 तास दिले नसते. सासूबाईंच्या त्या एका वाक्याने हे लख्ख झालं. आमच्या मुलीच्या घराण्यातलं कागदावर आलं, आमच्या घराण्यातलं पडवीत राहिलं. फरक असलाच तर एवढाच.

पण नुसत्या भावनेवर हो म्हणायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी नणंदेच्या ओळखीने कोल्हापूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांशी फोनवर बोललो. त्यांनी घाईघाईत का होईना, आकडे सरळ सांगितले. कुठल्याही शंभर माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधीतरी स्किझोफ्रेनिया होतो. आईला किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जातं. दोघांनाही असेल तर ते फार वाढतं, चाळीसच्या पुढे. जुळी भावंडं अगदी एकसारखी, जनुकं तीच, तरी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण निम्मीच. म्हणजे जनुकं पुष्कळ काही ठरवतात, पण सगळं नाही. आमच्या बाळाच्या वडिलांबद्दल काहीच माहिती नव्हती, त्यामुळे त्या बाजूने काय येईल ते तेही सांगू शकत नव्हते. "रक्त तपासून कळेल का?" असं मी विचारलं. नाही कळत. आजही कळत नाही. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात जनुकसंचातल्या 287 जागांचा या आजाराशी संबंध दिसला, आणि त्यातल्या प्रत्येकीचा वाटा अगदी बारीक. या आजाराचं असं एक जनुक नाही, त्यामुळे बाळाच्या वैद्यकीय तपासणीत ते सापडणारही नाही.

दहाचा आकडा ऐकून नवरा म्हणाला, "म्हणजे नव्वद जणांना होत नाही." मी म्हणाले, "दहांना होतो." आम्ही दोघंही खरंच बोलत होतो. त्या रात्री आमचं बोलणं शेवटी एकाच गोष्टीवर येऊन थांबलं: समजा ही त्या दहांतली निघाली, तर आपण तिला पडवीत ठेवू का? नाही ठेवणार. औषध आहे, डॉक्टर आहेत, आणि आपल्याला आधीच ठाऊक असल्यामुळे काकांची गेली तशी वर्षं वाया जाणार नाहीत. एवढं पक्कं झाल्यावर सकाळी होकार कळवला.

ती घरी आली, न्यायालयाचा आदेश झाला (तेव्हा आदेश न्यायालय द्यायचं, 2022 पासून जिल्हाधिकारी देतात), पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविकेची भेट झाली. त्याबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे नको.

नंतर मी पुष्कळ वाचलं. दत्तक आईला यातलं काय वेगळं दिसतं ते सांगते. हा आजार रक्तातून येतो की घरातून, हे शोधायला संशोधकांनी दत्तक मुलांचाच अभ्यास केला. लेनर्ड हेस्टन यांचा अमेरिकेतला अभ्यास 1966 चा. स्किझोफ्रेनिया असलेल्या मातांची 47 मुलं, जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत आईपासून दूर झालेली. तशीच दूर झालेली, पण आईला हा आजार नसलेली 50. मोठेपणी पहिल्या गटात पाच जणांना स्किझोफ्रेनिया झालेला आढळला, दुसऱ्या गटात एकालाही नाही. रक्ताचा वाटा आहे हे यातून स्पष्ट होतं आणि मी ते नाकारत नाही. इतरही त्रास पहिल्या गटात जास्त होते. पण त्याच निबंधात हेस्टन यांनी आणखी एक निरीक्षण नोंदवलंय, ते सहसा कुणी सांगत नाही. पहिल्या गटातली जी मुलं धडधाकट राहिली, त्यांची आयुष्यं दुसऱ्या गटापेक्षा जास्त रंगीत होती. कुणी कलेत, कुणी वेगळ्याच व्यवसायात. ते वाचताना मी आमच्या मुलीकडे बघत होते. ती जमिनीवर पालथी पडून माशांच्या खवल्यांवर पेनाने रंग देत होती.

दुसरा अभ्यास फिनलंडचा, पेक्का टिएनारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी दत्तक घरांतही जाऊन बघितलं: घरातली माणसं एकमेकांशी कशी बोलतात, टीका किती करतात, ताण किती आहे. 2004 मध्ये आलेल्या निष्कर्षांत असं दिसलं की जन्मदात्या आईला हा आजार असलेली मुलं ताणाच्या, विस्कळीत घरात वाढली तर स्किझोफ्रेनिया किंवा त्याच्या जवळचे आजार साधारण 37 टक्के मुलांना झाले, आणि तशीच मुलं चांगल्या घरात वाढली तर सुमारे 6 टक्के. आईला आजार नसलेल्या मुलांत घर कसंही असलं तरी प्रमाण 5 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ही मुलं घरातल्या हवेला जास्त हळवी असतात. त्यांना चांगलं घर इतरांपेक्षा जास्त लाभतं आणि वाईट घर जास्त बाधतं.

हा आकडा वाचून मी काही दिवस हवेत होते. मग त्याची दुसरी बाजू कळली आणि ती प्रत्येक दत्तक आईला सांगावीशी वाटते. विसाव्या शतकाच्या मध्याला मनोविकारतज्ज्ञांमध्ये असा एक मोठा गट होता की जो म्हणे, आईच्या वागण्यामुळेच मुलाला स्किझोफ्रेनिया होतो. किती आयांनी तो दोष डोक्यावर घेऊन जन्म काढला असेल. तो विचार चुकीचा होता. फिनलंडच्या अभ्यासातही चांगल्या घरांतली काही मुलं आजारी पडलीच. उद्या आमच्या मुलीला काही झालं तर माझ्या हातून काय कमी पडलं हे शोधत मी बसणार नाही, आणि कुणाला बसू देणारही नाही. घर शांत ठेवायचं ते तिच्यासाठी चांगलं म्हणून. आजार टळावा म्हणून भरलेला हप्ता म्हणून नव्हे.

घर शांत ठेवायचं म्हणजे आमच्याकडे काय झालं, तर सगळ्यात आधी बोलणं बदललं. कोकणात पोरं हट्टाला पेटली की मोठी माणसं सहज म्हणतात, "हेका रत्नागिरीक धाडूक व्हया." मीही लहानपणी हे ऐकलंय. ती तीन वर्षांची असताना दुकानात लोळून रडत होती आणि शेजारच्या एका काकी हसत हसत हेच म्हणाल्या. त्यांना आमच्या कागदावरचं काही ठाऊक नव्हतं, मनात वाईटही नव्हतं. तरी मी त्यांना दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं, की आमच्या घरात आम्ही असं बोलत नाही, तिच्यासमोर बोलू नका. कारण सांगितलं नाही. रत्नागिरीला लोक बरे व्हायला जातात, आमच्या काकांना न्यायला हवं होतं, एवढंच बोलले. त्यांच्या तोंडून पुन्हा तसं आलं नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड गेली. लक्ष ठेवणं वेगळं आणि संशय घेणं वेगळं. ती पाच-सहा वर्षांची असताना फणसाखाली एकटी बसून कुणाशी तरी बोलायची. त्या कुणाचं तरी नावही होतं. नवऱ्याच्या मावशीने ते पाहिलं आणि माझ्याकडे अशी बघितली की बोलायची गरजच राहिली नाही. माझ्याही डोळ्यांसमोर संध्याकाळचे बाबूकाका आले. आम्ही बालमानसतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी तिच्याशी तासभर खेळून, बोलून सांगितलं, की या वयात मनातला मित्र असणं अगदी साधारण आहे, पुष्कळ मुलांना असतो, आणि तो मित्र खोटा आहे हे तिला नीट ठाऊक आहे. तेरा वर्षांच्या आत स्किझोफ्रेनिया सुरू होणं अत्यंत दुर्मिळ. बहुतेकांना तो सतराअठराच्या पुढे, विशीत सुरू होतो, आणि मुलींमध्ये मुलांपेक्षा थोडा उशिरा. मग मी मनाशी ठरवलं, की तिचं बालपण बालपणासारखं जाऊ दे. तिचा राग हा राग आहे, तिचं एकटं बसणं हे एकटं बसणं आहे. वर्गातल्या प्रत्येक पोराला जे करायची मोकळीक असते ती हिलाही असली पाहिजे.

पुढे लक्ष कशावर ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगून ठेवलंय: झोप उडणं, मैत्रिणींतून हळूहळू बाहेर पडणं, अभ्यासात एकदम घसरण, लोक आपल्यावर नजर ठेवतात असं वाटू लागणं, स्वच्छतेकडे दुर्लक्ष. असं काही आठवडे टिकलं तर देवाला कौल लावत बसायचं नाही, डॉक्टर गाठायचा. पहिल्या झटक्यानंतर उपचार जितके लवकर सुरू होतात तितकं पुढचं बरं जातं. आणि गांजा. किनाऱ्यावर पर्यटन वाढलं तसा तो पोरांच्या हाताशी आलाय, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. गांजाने मनोविकाराचा धोका वाढतो, आणि ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांना त्याची भीती जास्त. हे मी तिला कॉलेजात जाण्याआधी स्पष्ट शब्दांत सांगणार आहे: तुझ्या मैत्रिणीला जे कदाचित पचेल ते तुला पचेलच असं नाही.

आता तिला सांगण्याबद्दल. कुडाळच्या बाईंना खरी धास्ती याचीच होती.

दत्तक हा शब्द तिला कळण्याआधीपासून घरात होता. आठ वर्षांची असताना एकदा नारळाच्या झापा ओढता ओढता तिने विचारलं, "त्या आईने मला का नाही ठेवलं?" मी म्हणाले, तिला एक आजार होता. मेंदूचा. त्या आजारात कधी कधी नसलेले आवाज ऐकू येतात, भीती वाटते, झोप येत नाही. स्वतःचीच काळजी घेणं कठीण होतं, मग बाळाची कशी घेणार? तुझ्यात काही कमी होतं म्हणून नव्हे.

तिचा पुढचा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. "तिला औषध कोण देतं?"

मला माहीत नाही, असं सांगावं लागलं. मला खरंच माहीत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात अशी तरतूद आहे की उपचारासाठी दाखल असलेल्या आईपासून तिचं तीन वर्षांच्या आतलं मूल सहसा वेगळं करू नये. हा कायदा 2018 मध्ये लागू झाला, तेव्हा आमची मुलगी आमच्या घरात होती. ती तरतूद मी वाचली त्या दिवशी मला रात्री जेवण गेलं नाही. एखाद्या बाईला वेळेवर उपचार, औषधाला पैसे आणि सोबतीला एक माणूस मिळालं असतं तर कदाचित आज माझ्या घरात मुलगी नसती. ही गोष्ट मी बाजूला सारत नाही. माझं आईपण दुसऱ्या बाईच्या तुटलेल्या आयुष्याला लागून आहे, आणि म्हणूनच त्या बाईला आमच्या घरात कुणी वेडी म्हणत नाही. तिचा उल्लेख निघाला की "तुझी आई" असाच निघतो. सासूबाई दरवर्षी जत्रेत कुणकेश्वराला हात जोडताना तिच्यासाठीही मागतात, हे मला मुलीकडूनच कळलं.

"मला होईल का?" हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यात आला. चिंचा फोडायचं काम चालू होतं, खळ्यात चिंचोक्यांचा ढीग होता. मी तिला म्हटलं, शंभर मोज. तिने मोजले. त्यातला एक बाजूला काढला आणि सांगितलं, कुठल्याही शंभर माणसांत एवढ्यांना हा आजार होतो. मग आणखी नऊ काढले. तुझ्या आईसारखी आई असेल तर एवढ्यांना. ती बराच वेळ त्या दहांकडे बघत राहिली. "यातली मी कुठली?" आत्ता कुणालाच सांगता येत नाही. "आणि या दहांना औषध असतं?" असतं. काही पूर्ण बरे होतात, काहींना गोळ्या कायम घ्याव्या लागतात आणि त्यावर नोकरी, संसार चालतो, काहींना जास्त त्रास होतो. "बाबूआजोबांना गोळ्या नव्हत्या ना?" नव्हत्या दिल्या. मग तिने दहाही चिंचोके ढिगात परत मिसळले आणि आत पाणी प्यायला गेली. रात्री झोपताना फक्त एवढं विचारलं, की शाळेत कुणाला सांगायचं का. मी म्हणाले, ही तुझी गोष्ट आहे, तुला ज्याला सांगावीशी वाटेल त्याला सांग, नाही सांगितलीस तरी ते खोटं बोलणं नाही.

नवऱ्याची मावशी म्हणते, लग्नाच्या वेळी काय करशील? काही करणार नाही. ती तेव्हा मोठी असेल, ज्याच्याशी लग्न करायचं त्याला ती स्वतः सांगेल. माझ्या वेळी काकांबद्दल जसं गप्प बसले तसं हिच्या बाबतीत कुणी बसायचं नाही, एवढंच.

ज्यांच्या हातात आत्ता असा अहवाल आहे त्यांनी संस्थेला काही प्रश्न जरूर विचारावेत. निदान मनोविकारतज्ज्ञांनी केलेलं आहे का? अहवालात नुसतं "मनोरुग्ण" लिहिलेलं असतं, आणि त्या एका शब्दाखाली बौद्धिक अक्षमता असू शकते, मोठ्या आघातानंतरची अवस्था असू शकते, किंवा बाळंतपणानंतर आलेला तीव्र मनोविकार असू शकतो. हा शेवटचा हजार बाळंतपणांत एकदोघींना होतो आणि उपचाराने बराही होतो. प्रत्येकाचा आनुवंशिक वाटा वेगळा, त्यामुळे सगळ्यांना एकच आकडा लावू नये. आजार कोणत्या वयात सुरू झाला, आणखी कुणाला होता का, हेही विचारा. गरोदरपणात आईला कोणती औषधं चालू होती, हे तर नक्की. व्हॅलप्रोएटसारखं औषध पोटातल्या बाळाच्या मणक्याला आणि बुद्धीच्या वाढीला अपाय करू शकतं. ते माहीत असेल तर बालरोगतज्ज्ञ काय बघायचं ते सांगतील. बऱ्याच प्रश्नांना उत्तर मिळणार नाही. जे मिळेल ते लिहून, तारीख घालून जपून ठेवा, कारण पुढे ते तुमच्या मुलाला लागणार आहे. बोलायला कुणीच नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो. तिथे मराठीत बोलता येतं.

आणि मनातून नको वाटत असेल तर नाही म्हणा. सुचवलेलं बाळ नाकारायची मुभा आहे आणि ते करण्यात कमीपणा नाही. त्या बाळासाठी दुसरं घर येईल. पण होकार देऊन, बाळ घरी आणून, पुढे प्रत्येक रडण्यात तिची आई शोधत बसणं, किंवा काही वर्षांनी मूल परत नेऊन सोडणं, याहून मोठी क्रूरता मला माहीत नाही. दयेपोटीही हो म्हणू नका. दया दहा वर्षं टिकत नाही.

आमच्या मुलीचे कागद कपाटात एका फायलीत आहेत, आणि ती कुठे आहे हे तिला ठाऊक आहे. नियमाप्रमाणे अठराची झाल्यावर ती स्वतः अर्ज करून आपल्या मुळांचा शोध घेऊ शकते, त्याआधी हवं असेल तर आमच्यासोबत. जन्मदात्या आईने ओळख उघड करू नका असं सांगितलेलं असेल तर तिची संमती लागते. हे सगळं तिला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "शोधायचं की नाही ते मीच ठरवायचं ना?" हो म्हणाले. "मग आत्ता नको," ती म्हणाली, "पण फाइल पावसाळ्यात ओली होईल तिथे ठेवू नकोस." फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या कप्प्यात ठेवली आहे.